एकाच होस्टिंगवर तीन वेबसाइट: सबडोमेनची मांडणी पहिल्यापासून नीट कशी करायची

दुसरी वेबसाइट काढायची म्हटलं की लोक आधी दुसरं होस्टिंग विकत घ्यायला निघतात. बऱ्याचदा त्याची काही गरज नसते, कारण साध्या शेअर्ड होस्टिंगच्या (एकाच सर्व्हरवर अनेक गिऱ्हाइकांना जागा देतात ते) एका अकाउंटवर एकाच डोमेनखाली तीन-चार छोट्या साइट आरामात राहतात. त्यासाठी सबडोमेन लागतं आणि ते बनवणं हा खरं तर सगळ्यात सोपा भाग आहे, घोळ होतो तो दोनच ठिकाणी, फोल्डर कुठे ठेवला आणि डीएनएस (कुठलं नाव कुठल्या सर्व्हरवर न्यायचं ते सांगणारी इंटरनेटची नोंदवही) कुणाच्या ताब्यात आहे. म्हणून इथे त्या दोन गोष्टींवर जास्त वेळ घालवणारे, बाकीचं भराभर.

उदाहरणाला ठाण्यातलं एक घर धरू. नौपाड्यात राहतात, ताई घरून फराळ आणि मसाले विकतात (मिरची, धणे वगैरे माल वाशीला एपीएमसीच्या मसाला मार्केटमधून येतो), दादा संध्याकाळी दहावीच्या गणिताचा क्लास घेतात. डोमेन एकच घेतलंय, समजा तुमचंनाव डॉट इन. त्यावर एक साधं पान आहे, फोन नंबर आणि पत्ता. आता ताईंना ऑर्डर घेणारी साइट पाहिजे, दादांना नोट्स आणि फीचं वेळापत्रक टाकायला साइट पाहिजे, आणि नवीन काही करून बघायला एक ट्रायलची जागा पाहिजे. म्हणजे फराळ डॉट तुमचंनाव डॉट इन, क्लास डॉट तुमचंनाव डॉट इन आणि ट्रायल डॉट तुमचंनाव डॉट इन. मी सोयीसाठी देवनागरीत लिहितोय, ब्राउझरमध्ये हे इंग्रजी अक्षरांतच टाइप होणार.

डोमेनच्या डावीकडे डॉट देऊन जे लावतो ते सबडोमेन. त्याचे वेगळे पैसे रजिस्ट्रारला (ज्या कंपनीकडून डोमेन घेतलं तिला) द्यावे लागत नाहीत, दरवर्षी रिन्यू करावं लागत नाही, मूळ डोमेन चालू आहे तोवर ते आहे. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू हेसुद्धा एक सबडोमेनच आहे, सवयीने आपल्या लक्षात येत नाही एवढंच.

नाव ठरवताना थोडं थांबा. नियम साधे आहेत, इंग्रजी अक्षरं, आकडे आणि मधे हायफन चालतो, सुरुवातीला किंवा शेवटी हायफन चालत नाही, अंडरस्कोर वापरू नका, कॅपिटल-स्मॉलने फरक पडत नाही, आणि दोन डॉटच्या मधला एक तुकडा जास्तीत जास्त ६३ अक्षरांचा असू शकतो, तेवढं लांब नाव कोण ठेवणार म्हणा. देवनागरीतसुद्धा नाव घेता येतं, डॉट भारत हे एक्स्टेन्शन २०१४ पासून आहे, पण आत सगळं एक्सएन आणि दोन हायफनने सुरू होणाऱ्या इंग्रजी कोडमध्ये बदलतं आणि व्हॉट्सअॅपवर लिंक पाठवली की कधीकधी तोच अगम्य कोड समोरच्याला दिसतो, त्यामुळे धंद्याच्या साइटला मी तरी ते सुचवत नाही. माझी एकच चाचणी आहे, नाव फोनवर सांगून बघा. फराळ म्हटल्यावर समोरची काकू एफ टाकेल की पीएच, शेवटी एल टाकेल की डबल एल? दोनदा स्पेलिंग सांगावं लागत असेल तर सरळ शॉप ठेवा.

आता प्रत्येक गोष्टीला सबडोमेनच पाहिजे का, तर नाही. ताईंना रेसिपी लिहायच्या असतील तर ते फराळच्याच साइटवर एका फोल्डरमध्ये, म्हणजे स्लॅश रेसिपी असं ठेवा, त्याच गिऱ्हाइकासाठी आहे ना ते. साइटचा वापरणारा वेगळा, सांभाळणारा वेगळा किंवा आतलं सॉफ्टवेअर वेगळं असेल तेव्हा सबडोमेन. आणि उद्या तो धंदा कुणाला तरी चालवायला द्यायचा किंवा भागीदारीत करायचा विचार असेल तर पहिल्यापासून स्वतंत्र डोमेनच घ्या, कारण सबडोमेन तोडून दुसऱ्याच्या नावावर करून देता येत नाही, ते कायम मूळ डोमेनच्या मालकाकडेच राहतं. गूगलमध्ये कशाने वर येईल ह्यावर लोक तासन् तास वाद घालतात, पण इतक्या छोट्या साइटला त्याने डोकं खराब करून घ्यायची गरज नाही. फक्त सर्च कन्सोलमध्ये (साइट गूगलवर कशी दिसते ते दाखवणारं गूगलचं साधन) साइट जोडताना डोमेन प्रॉपर्टी हा प्रकार निवडा, डीएनएसमध्ये एक टीएक्सटी रेकॉर्ड (नुसता मजकूर ठेवणारी नोंद) टाकून व्हेरिफाय केलं की सगळी सबडोमेन त्यातच येतात, नाहीतर प्रत्येक वेगळं जोडत बसाल.

काम सुरू करायच्या आधी प्लॅन वाचा. किती साइट चालतील, किती डेटाबेस मिळतात, डिस्क किती, आणि आयनोड किती. ह्या शेवटच्याकडे कुणी बघत नाही. आयनोड म्हणजे ढोबळमानाने फाइल आणि फोल्डर मिळून एकूण संख्या, आणि एका वर्डप्रेसमध्येच (साइट बनवायचं फुकट सॉफ्टवेअर) हजारो फाइल असतात, त्यात प्रत्येक फोटोच्या लहान-मोठ्या साइझ तो स्वतःच बनवून ठेवतो, त्यामुळे डिस्क अर्धी रिकामी असताना आयनोड संपून अपलोड बंद पडू शकतं.

डीएनएस कुणाकडे आहे ते आधी शोधा

डोमेन एकीकडून घेतलेलं, होस्टिंग दुसरीकडून आणि मधे कुणीतरी क्लाउडफ्लेअर (साइटच्या पुढे उभी राहून डीएनएसही सांभाळणारी सेवा) लावून दिलेलं, हे आपल्याकडे फार कॉमन आहे. डोमेन ज्या अकाउंटमधून घेतलं तिथे लॉगिन करा आणि नेमसर्व्हर (तुमच्या डोमेनच्या डीएनएसच्या नोंदी ज्यांच्याकडे असतात ते सर्व्हर) काय लिहिलेत ते बघा. ते होस्टिंगवाल्याचे असतील तर पुढची बरीच कामं आपोआप होणार. क्लाउडफ्लेअरचे असतील तर रेकॉर्ड क्लाउडफ्लेअरमध्ये टाकायची, रजिस्ट्रारचे असतील तर रजिस्ट्रारच्या पॅनलमध्ये. सीपॅनलमध्ये (होस्टिंग सांभाळायचं पॅनल) पण झोन एडिटर दिसतो, त्यात रेकॉर्ड टाकताही येतं, सेव्हपण होतं, पण नेमसर्व्हर दुसरीकडे असतील तर त्या रेकॉर्डला जगात कुणीही विचारत नाही. सबडोमेन बनवलं पण उघडतच नाही अशी तक्रार आली की मी पहिलं हेच बघतो.

सीपॅनलमध्ये सबडोमेन बनवणं

सीपॅनलमध्ये डोमेन्स नावाचा भाग उघडा, क्रिएट अ न्यू डोमेन दाबा. जुन्या व्हर्जनला सबडोमेन्स असा वेगळा आयकॉन होता, आता सगळं एकाच जागी आहे. नाव पूर्ण टाका, डोमेनसकट. खाली शेअर डॉक्युमेंट रूट अशी एक टिक असते, ती असेल तर काढा. ती राहिली तर नवीन सबडोमेनवर मूळ साइटचंच पान दिसेल आणि तुम्ही म्हणाल हे काय झालं. टिक काढली की डॉक्युमेंट रूटचा रकाना दिसतो, म्हणजे ह्या साइटच्या फाइल कुठल्या फोल्डरमध्ये असणार.

इथे घाई करू नका. मूळ डोमेनचा फोल्डर असतो पब्लिक एचटीएमएल. नवीन माणूस सहसा त्याच्याच आत फराळ नावाचा फोल्डर करतो, चालतंसुद्धा, पण मग तीच साइट दोन पत्त्यांवर उघडते, एकदा फराळ डॉट तुमचंनाव डॉट इन आणि एकदा तुमचंनाव डॉट इन स्लॅश फराळ, गूगलला दोन्ही सापडली तर डुप्लिकेट. दुसरं म्हणजे पब्लिक एचटीएमएलमधल्या डॉट एचटीअॅक्सेस फाइलचे नियम आतल्या सगळ्या फोल्डरना लागू होतात, म्हणजे मूळ साइटवर कुणी रीडायरेक्ट (दुसऱ्या पत्त्यावर वळवणं) टाकला किंवा पासवर्ड लावला की फराळची साइटपण अचानक विचित्र वागायला लागते आणि तिच्या फोल्डरमध्ये कितीही शोधलं तरी कारण सापडत नाही कारण ते एक मजला वर बसलेलं असतं. तिसरं, मूळ साइट परत नव्याने करायची म्हणून कुणी पब्लिक एचटीएमएल साफ केलं की फराळ पण साफ. म्हणून डॉक्युमेंट रूट पब्लिक एचटीएमएलच्या बाहेर, त्याच्या शेजारी ठेवा, आणि फोल्डरला सबडोमेनचंच पूर्ण नाव द्या म्हणजे वर्षभराने फाइल मॅनेजर उघडलात तरी कुठला फोल्डर कुणाचा हे विचारावं लागणार नाही. न्यू वन, टेस्ट टू, फायनल असली नावं नकोत. काही होस्ट स्वतःचं पॅनल देतात आणि फोल्डर पब्लिक एचटीएमएलच्या आतच सक्तीने करतात, तिथे इलाज नाही, निदान मूळ साइटच्या डॉट एचटीअॅक्सेसमध्ये काय टाकताय त्याकडे लक्ष ठेवा.

सबमिट केलं की झालं. तिन्ही सबडोमेन अशीच करायची, तीन वेगळे फोल्डर.

रेकॉर्ड, आणि थोडा धीर

नेमसर्व्हर होस्टिंगचेच असतील तर ए रेकॉर्ड आपोआप पडलेलं असतं, हा भाग सोडून द्या. नसतील तर सीपॅनलच्या उजव्या बाजूला सर्व्हरचा आयपी (त्याचा आकड्यांतला पत्ता) दिसतो तो कॉपी करा, जिथे डीएनएस आहे तिथे जाऊन नवीन ए रेकॉर्ड टाका, आणि नावाच्या रकान्यात फक्त फराळ एवढाच शब्द टाका. पूर्ण पत्ता टाकलात तर बरीच पॅनल पुढे डोमेन स्वतःहून जोडतात आणि मग रेकॉर्ड तयार होतं फराळ डॉट तुमचंनाव डॉट इन डॉट तुमचंनाव डॉट इन असं, दिसायला यादीत सगळं बरोबर वाटतं आणि उघडत काही नाही. ए रेकॉर्ड म्हणजे नाव थेट आयपीला जोडणं, सीनेम म्हणजे एक नाव दुसऱ्या नावाला जोडणं. स्वतःच्या होस्टिंगवरच्या साइटला ए रेकॉर्ड पुरे. बाहेरच्या एखाद्या रेडिमेड स्टोअरवर फराळ लावायचं असेल तर ते सीनेम सांगतात, आणि ज्या नावाला सीनेम दिलंय त्या नावाला दुसरं कुठलंही रेकॉर्ड ठेवता येत नाही, आधीचं ए असेल तर ते काढावं लागतं.

आता एक गंमत. रेकॉर्ड टाकायच्या आधीच उत्सुकतेने ब्राउझरमध्ये पत्ता उघडून बघू नका. तुम्ही विचारलंत, उत्तर आलं असं नाव अस्तित्वातच नाही, आणि ते नकाराचं उत्तरसुद्धा तुमच्या इंटरनेटवाल्याचा सर्व्हर काही वेळ लक्षात ठेवतो, किती वेळ ते तुमच्या डोमेनच्या एसओए रेकॉर्डमधल्या (डोमेनची मूळ माहिती ठेवणारी नोंद) आकड्यावर अवलंबून. मग रेकॉर्ड टाकल्यावरही घरच्या वायफायवर साइट नाही आणि मोबाइल डेटावर मात्र मस्त उघडतेय असं होतं. म्हणून तपासायचं तेव्हा दोन्हीकडून बघा. कॉम्प्युटरवर कमांड प्रॉम्प्टमध्ये एनएसलुकअप लिहून पुढे पत्ता टाकला की आयपी दिसतो, तो तुमच्या सर्व्हरचा असेल तर काम झालंय, बाकी फक्त थांबायचं (क्लाउडफ्लेअरचा नारिंगी ढग चालू असेल, म्हणजे साइट त्यांच्यामार्फत जात असेल, तर तिथे त्यांचा आयपी दिसेल, घाबरू नका). जुनं रेकॉर्ड बदलत असाल तर टीटीएलचा आकडा बघा (उत्तर किती वेळ लक्षात ठेवायचं ते तो सांगतो), तो सेकंदात असतो, १४४०० म्हणजे चार तास. बदल करायच्या आदल्या दिवशी तो ३०० करून ठेवला की दुसऱ्या दिवशी वाट बघावी लागत नाही.

वर्डप्रेस टाकायच्या आधी फोल्डरमध्ये एक साधी इंडेक्स एचटीएमएल फाइल ठेवा, आत फक्त "फराळ चालू" एवढं लिहा. क्लासमध्ये "क्लास चालू". प्रत्येक पत्त्यावर आपापलं वाक्य दिसलं की नाव आणि फोल्डर नीट जुळलेत, पुढे काही बिघडलं तर निदान इथवर बरोबर होतं हे माहीत असतं. खात्री झाली की ती फाइल उडवा, नाहीतर काही सर्व्हरवर वर्डप्रेस टाकल्यावरही तीच दिसत राहील.

कुलूप, म्हणजे एचटीटीपीएस

सीपॅनलमध्ये एसएसएल टीएलएस स्टेटस मध्ये जाऊन रन ऑटोएसएसएल दाबा. एचटीटीपीएसला लागणारं सर्टिफिकेट फुकट असतं. लेट्स एन्क्रिप्टचं (फुकट सर्टिफिकेट देणारी संस्था) नेहमीचं सर्टिफिकेट ९० दिवसांचं असतं आणि आपोआप रिन्यू होतं, पण त्यासाठी नाव तुमच्याच सर्व्हरकडे वळलेलं पाहिजे, म्हणून हे काम डीएनएस नंतरच. यादीत डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू डॉट फराळ असं पण एक नाव लाल दिसेल कदाचित, सीपॅनल ते स्वतःहून धरतं आणि तुमच्या बाहेरच्या डीएनएसमध्ये त्याचं रेकॉर्ड नसतं. एक्स्क्लूड करून टाका, तो पत्ता कुणी टाइप करत नाही. सर्टिफिकेट आलं की डोमेन्सच्या यादीत फोर्स एचटीटीपीएसचं बटण चालू करा. क्लाउडफ्लेअरवाल्यांनी एक लक्षात ठेवा, तिथलं फुकट सर्टिफिकेट डोमेन आणि एकच पायरी डावीकडे एवढंच झाकतं, म्हणजे क्लास चालेल, पण नववी डॉट क्लास डॉट तुमचंनाव डॉट इन असली दोन पायऱ्यांची नावं त्यात बसत नाहीत. तशीही ती नकोच.

ट्रायलबद्दल एक गैरसमज असतो, की हा पत्ता मी कुणाला सांगितलाच नाही तर कुणाला कळणार. कळतो. प्रत्येक सर्टिफिकेटची नोंद सार्वजनिक यादीत होते, २०१८ पासून क्रोमने ते सक्तीचंच केलंय, आणि त्या याद्या कुणीही शोधू शकतं. म्हणजे ट्रायलला सर्टिफिकेट मिळालं की थोड्याच वेळात बॉट (आपोआप साइट शोधत फिरणारे प्रोग्राम) दार वाजवायला हजर. तेव्हा सीपॅनलमध्ये डिरेक्टरी प्रायव्हसीतून त्या फोल्डरला पासवर्ड लावा. वर्डप्रेसमधली सर्च इंजिनला परावृत्त करा वाली टिक पण लावा, पण ती फक्त विनंती असते, कुलूप नाही. आणि रोबोट्स टीएक्सटी फाइल (सर्च इंजिनने काय बघायचं ते सांगणारी) प्रत्येक सबडोमेनची वेगळी असते, मूळ साइटवरची फराळला लागू होत नाही.

वर्डप्रेस टाकताना

सॉफ्टॅक्युलससारखा इन्स्टॉलर असेल तर वरच्या यादीतून बरोबर सबडोमेन निवडा आणि डिरेक्टरीचा रकाना रिकामा ठेवा, त्यात डब्ल्यूपी लिहिलेलं राहिलं तर साइट स्लॅश डब्ल्यूपी वर जाते. प्रत्येक साइटला डेटाबेस वेगळा, डेटाबेसचा युजर वेगळा, अॅडमिनचा पासवर्डही वेगळा. एकाच डेटाबेसमध्ये टेबलांना वेगळा प्रीफिक्स देऊन दोन साइट बसवता येतात हे खरंय, डेटाबेसची संख्या कमी असलेल्या प्लॅनवर लोक करतातही, पण मग एका साइटचा बॅकअप परत टाकताना दुसरीचा डेटा पण जुना होतो आणि ताईंच्या दोन दिवसांच्या ऑर्डर गायब. मल्टीसाइट नावाचा प्रकार आहे, एका वर्डप्रेसमधून अनेक साइट, पण तो एकसारख्या पंधरा-वीस साइटना बरा, इथे फराळ आणि क्लासमध्ये काहीच सारखं नाही. पीएचपीचं (वर्डप्रेस ज्या भाषेवर चालतं ती) व्हर्जन मल्टीपीएचपी मॅनेजरमधून प्रत्येक सबडोमेनला वेगळं ठेवता येतं, म्हणून नवं व्हर्जन आधी ट्रायलवर लावून बघा आणि मग फराळवर, आणि हे काम दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात तर अजिबात काढू नका.

नावं तीन झाली, फोल्डर तीन झाले, पण अकाउंट एकच आहे, हे डोक्यात पक्कं बसवा. सर्व्हरच्या दृष्टीने तिन्ही साइट एकाच युजरच्या आहेत. ट्रायलवर कुठूनतरी फुकट आणलेली थीम टाकली आणि त्यातून कुणी आत घुसला तर त्याला फराळ आणि क्लासचे फोल्डर पण उघडेच असतात, वर्डप्रेसचे पासवर्ड वेगळे असून उपयोग नाही. म्हणजे तुमची सगळ्यात दुर्लक्षित साइट जेवढी सुरक्षित तेवढ्याच बाकीच्या. मेमरी आणि सीपीयूची मर्यादा पण सगळ्यांत मिळून आहे, एकाच टाकीवरच्या तीन विंगसारखं, फराळच्या ऑर्डरची झुंबड उडाली की क्लासची साइट पण हळू होणार, आणि तिथे सर्व्हर महापेला आहे की सिंगापूरला ह्याने काही फरक पडत नाही. एखाद्या साइटवर खरंच लोकांचे पैसे आणि पत्ते जमा व्हायला लागले तर ती वेगळ्या होस्टिंगवर न्या, सबडोमेनचं नाव तेच ठेवता येतं, फक्त ए रेकॉर्डमधला आयपी बदलायचा. सबडोमेनचा हा मोठा फायदा आहे, तो कुणी सांगत नाही.

मेलचं थोडक्यात. फराळच्या साइटवरून ऑर्डरचे मेल जाणार, पाठवणारा पत्ता मूळ डोमेनचाच ठेवा. फराळ डॉट वाल्या पत्त्यावरून मेल पाठवायचं ठरवलंत तर त्याचं एसपीएफ रेकॉर्ड (त्या नावाने मेल कुठल्या सर्व्हरवरून जाऊ शकते ते सांगणारं) वेगळं टाकावं लागतं, मूळ डोमेनचं आपोआप लागू होत नाही, आणि ते टाकायचं राहिलं तर मेल स्पॅममध्ये जाऊ शकते.

अडलं तर

एनएक्सडोमेन असा एरर आला तर नाव सापडत नाहीये, रेकॉर्ड बघा, नेमसर्व्हर बघा, सर्व्हरला हात लावू नका. होस्टिंग कंपनीचं डिफॉल्ट पान दिसलं तर नाव सर्व्हरपर्यंत पोचलंय पण त्या सर्व्हरला हे सबडोमेन माहीत नाही, बहुतेक सीपॅनलमध्ये बनवायचंच राहिलंय किंवा आयपी चुकीचा टाकलाय. ४०३ म्हणजे फोल्डर मिळाला पण आत इंडेक्स फाइल नाही किंवा परमिशन गडबडल्यात, फोल्डर ७५५ आणि फाइल ६४४ असतं साधारण. टू मेनी रीडायरेक्ट्स आलं आणि क्लाउडफ्लेअर असेल तर त्यातला एसएसएल मोड फ्लेक्सिबलवर आहे का बघा, तो फुल स्ट्रिक्टवर करा. कारण फ्लेक्सिबलमध्ये क्लाउडफ्लेअर सर्व्हरकडे एचटीटीपीने जातो, सर्व्हर म्हणतो एचटीटीपीएसने ये, आणि दोघं असेच एकमेकांकडे पाठवत बसतात.

सबडोमेन बंद करायचं असेल तर सीपॅनलमधून काढल्यावर फोल्डर आणि डेटाबेस तसेच पडून राहतात, ते हाताने काढावे लागतात. आणि डीएनएसमधलं रेकॉर्ड काढायला विसरू नका, विशेषतः सीनेम. बाहेरच्या स्टोअरचं अकाउंट बंद केलं आणि सीनेम तसंच राहिलं तर काही सेवांवर दुसरा कुणीही तेच नाव आपल्या अकाउंटला जोडून तुमच्या पत्त्यावर स्वतःचं पान लावू शकतो, गिऱ्हाइकाला वाटतं ताईंचीच साइट आहे.

आधी स्लॅश फराळ असं फोल्डरमध्ये चालवलेलं आणि आता सबडोमेनवर नेलंत, तर सीपॅनलच्या रीडायरेक्ट्समधून जुना पत्ता नव्याकडे ३०१ ने (म्हणजे कायमचा) वळवा, वाइल्डकार्ड रीडायरेक्टची टिक लावून, म्हणजे आतली पानंही नव्या जागी जातील. डब्यांवरची स्टिकर आणि क्यूआर कोड जुन्या पत्त्याचेच छापलेले असतात, ते संपेपर्यंत हा रीडायरेक्ट काढू नका.